लोकगीताचा मुक्काम : शाहीर साबळे यांची गायकी आणि रंगमंच

महाराष्ट्र शासनाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताचा राज्यगीत म्हणून अंगीकार केला आणि १९ फेब्रुवारी २०२३ रोजी, शिवजयंतीच्या दिवसापासून, हा निर्णय अमलात आला. हे गीत राजा बढे यांनी लिहिले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केले आणि शाहीर साबळे यांनी गायिले. तिघांच्याही प्रतिभेचे ते फळ असले, तरी मराठी माणसाच्या कानात ते घर करून राहिले आहे ते शाहिरांच्या आवाजाने. आज राज्यातील शाळांच्या परिपाठात हे गीत म्हटले जाते. ते म्हणणाऱ्या मुलांना, आणि कित्येकदा ते बसवून घेणाऱ्या शिक्षकांनाही, या आवाजामागे लोकगायनाची केवढी परंपरा उभी आहे याची कल्पना असतेच असे नाही.

ज्या वर्षी हे गीत राज्यगीत झाले, त्याच वर्षी शाहीर साबळे यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यांच्या जीवनावरील ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपटही २०२३ मध्येच प्रदर्शित झाला. त्या निमित्ताने त्यांच्या गौरवाचे शब्द पुष्कळ उच्चारले गेले, आणि ते उचितच होते. परंतु गौरवाबरोबरच त्यांच्या कलेचे मर्म समजून घेणेही आवश्यक आहे. लोकगीत हे गावाच्या अंगणात, जत्रेत, देवळापुढे जन्मास येते. ते तेथून उचलून नाट्यगृहाच्या रंगमंचावर आणले तर त्याचा जीव राहतो की जातो? हा प्रश्न साबळे यांच्या साऱ्या कारकीर्दीच्या मुळाशी आहे. त्याचे उत्तर त्यांनी आपल्या गायकीतून दिले. त्या उत्तराचा उरलेला भाग मात्र आपल्या सर्वांवर सोपविलेला आहे.

पसरणी, अमळनेर आणि मुंबई

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात पसरणी या गावी झाला. वाईहून पाचगणीकडे जाणाऱ्या घाटाला याच गावाचे नाव आहे. शालेय शिक्षणाच्या निमित्ताने ते बालपणी खानदेशात अमळनेर येथे राहिले. तेथे त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. शिक्षण फार पुढे गेले नाही. परंतु गाणे हे आपल्या आनंदाचे साधन आहे तसेच ते लोकांच्या उपयोगी पडण्याचेही साधन आहे, हा संस्कार त्या वयात झाला. पुढे स्वातंत्र्यलढा, अस्पृश्यतानिवारणाचे कार्य आणि संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन या सर्वांत त्यांनी आपला आवाज लावला.

नंतर कर्मभूमी झाली ती मुंबई. मुंबईच्या गिरणगावात त्या काळी साऱ्या महाराष्ट्राची लोककला एकत्र नांदत होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. रत्नागिरीचा गिरणी कामगार आपले नमन-खेळे आणि जाखडी घेऊन आला होता. साताऱ्या-पुण्याकडचा कामगार तमाशा आणि भजन घेऊन आला होता. समुद्रकाठचे कोळीवाडे तर मुंबईचे मूळचेच. परळचा दामोदर हॉल, लालबागचे हनुमान थिएटर ही या कामगार रसिकांची ठिकाणे होती. गावाकडे ज्या कला एकमेकींपासून शंभर-दोनशे मैलांवर होत्या, त्या येथे एका चाळीच्या दोन मजल्यांवर भेटत होत्या. साबळे यांच्या कलेत पुढे जी सर्वसमावेशकता आली, तिचे एक कारण या वातावरणात सापडते. त्यांचा शाहीर एका जिल्ह्याचा राहिला नाही.

पोवाड्याचा वारसा

शाहिरी ही महाराष्ट्राची जुनी संपत्ती आहे. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदास ऊर्फ अगिनदास याने रचलेला पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुन्या रचनांपैकी एक मानला जातो. सिंहगडावरील तुळशीदासाचा पोवाडाही तितकाच प्रसिद्ध आहे. उत्तर पेशवाईत अनंत फंदी, राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम, सगनभाऊ या शाहिरांनी पोवाडा आणि लावणी या दोन्ही रचनांना वैभव प्राप्त करून दिले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून या प्रकाराला नवी सामाजिक दिशा दिली. पुढे हॅरी अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी लोकांच्या तोंडी असलेले ऐतिहासिक पोवाडे मिळवून १८९१ मध्ये छापून काढले, म्हणून त्यांतील कित्येक आज वाचावयास मिळतात.

विसाव्या शतकाच्या मध्यास या परंपरेला पुन्हा बहर आला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ मध्ये उभे राहिले. कामगार, शेतकरी आणि संयुक्त महाराष्ट्र हे त्यांच्या गाण्याचे विषय होते. शाहीर साबळे याच पिढीचे. अमर शेख यांच्या आवाजात सभा पेटविण्याचे सामर्थ्य होते. अण्णा भाऊंच्या लेखणीत शोषितांच्या जीवनाचा रोकडा अनुभव होता. साबळे यांचे वेगळेपण असे की, त्यांनी पोवाड्याबरोबरच भारूड, गोंधळ, जागरण, कोळीगीत, लावणी असे विविध लोकप्रकार आपल्या आवाक्यात आणले आणि त्या सर्वांना बांधणारा एक रंगमंच उभारला. ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ हे नाव ध्वनिमुद्रिकांतून आणि आकाशवाणीवरून महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात गेले. त्यांनी आपल्या आत्मचरित्रासही ‘माझा पवाडा’ असेच नाव दिले.

शाहिराचे गाणे कसे घडते

भावगीत ऐकणारा श्रोता स्वस्थ बसतो. पोवाड्याचा श्रोता तसा बसू शकत नाही. याचे कारण पोवाड्याच्या बांधणीतच आहे. शाहीर हातात डफ घेऊन पुढे उभा राहतो. त्याच्या मागे तुणतुणे आणि ढोलकी असते, आणि झील धरणारे साथीदार असतात. शाहीर चौकातील ओळ चढ्या सुरात म्हणतो. ओळीचा शेवट झीलकरी उचलून लांबवितात. या लांबणीत दोन गोष्टी साधतात. शाहिराला श्वास घेण्यास आणि पुढच्या ओळीची मांडणी करण्यास अवसर मिळतो. आणि श्रोत्याला ऐकलेली ओळ मनात मुरविण्यास वेळ मिळतो. मधूनच गाणे थांबते आणि शाहीर गद्यात बोलू लागतो. तो प्रसंग समजावून देतो, समोरच्या एखाद्याला प्रश्न विचारतो, आणि उत्तर येताच डफावर थाप मारून पुन्हा गाण्यात शिरतो.

म्हणजेच शाहिराचे गाणे कागदावर पूर्ण होत नाही. ते श्रोत्यांच्या प्रतिसादाने पूर्ण होते. ज्या गावी प्रयोग असेल त्या गावचे नाव, तेथील ओढा, तेथला बाजार गाण्याच्या ओघात सहज येऊन जातो. रात्री समूह मोठा असेल तर आख्यान लांबते. पावसाची चिन्हे दिसली तर ते आटोपते. लिहिलेल्या संहितेत ही जागा मोकळी सोडलेली असते आणि ती भरण्याचे कौशल्य हेच शाहिराचे खरे शिक्षण होय.

साबळे यांच्या आवाजात या कामास लागणारे गुण एकवटले होते. त्यांचा स्वर उंच पट्टीत खुला लागे, तरी शब्दाची कड बोथट होत नसे. ज्या काळात गावोगावी ध्वनिक्षेपक नव्हते, त्या काळात शेवटच्या रांगेतील माणसाला शब्द कळणे ही गायकाची पहिली परीक्षा होती. पुढे ध्वनिक्षेपक आले, नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली; शब्दस्पष्टतेची ती शिस्त मात्र त्यांच्या गाण्यातून गेली नाही. राज्यगीताचे मूळ ध्वनिमुद्रण लक्षपूर्वक ऐकले तर हे कळून येते. त्यात समूहस्वर आहे, वाद्यमेळ आहे, तरी शाहिरांचा एकही शब्द त्यात बुडत नाही. एकटा आवाज पुढे जातो आणि समूह त्यास उत्तर देतो, ही पोवाड्याचीच रीत संगीतकाराने तेथे योजिली आहे. राज्यगीत म्हणून या गीतातील निवडक कडवी घेण्यात आली आहेत; शाळेत ते बसविताना एका मुलाने ओळ म्हणावी आणि वर्गाने ती उचलावी, असे केल्यास गीताचे हे अंग मुलांना आपोआप उमजेल.

विनोदातून अध्यात्म

संत एकनाथांचे विंचवाचे भारूड साबळे यांच्या आवाजात अनेकांनी ऐकले असेल. विंचू चावल्याचा कांगावा, कण्हणे, धावाधाव हे सर्व ऐकताना श्रोता खळखळून हसतो. हा विंचू अंगणातील नसून काम-क्रोधाचा आहे, आणि त्यावरील उतारा सत्त्वगुणाचा आहे, हे भारुडात पुढे उलगडते. भारूड सांगणाऱ्याची कसोटी येथेच लागते. कण्हण्याचा विनोद कमी पडला तर श्रोते जमत नाहीत. तो अधिक झाला तर अर्थ हरवतो. साबळे विनोद भरपूर रंगू देत, आणि अर्थाचे वळण आले की आवाज बदलीत. तोच माणूस, तीच चाल. परंतु स्वर एकदम खाली, संथ आणि गंभीर होई. हसत असलेला श्रोता हसता हसता थबके. उपदेश ऐकावयास न आलेल्या माणसाच्या पदरात उपदेश पडण्याची ही एकनाथी युक्ती आहे. लोकशिक्षणाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने ती अभ्यासण्यासारखी आहे. साक्षरता, आरोग्य, व्यसनमुक्ती यांसारख्या विषयांवर गावात कलापथकांचे कार्यक्रम होतात, तेव्हा बहुधा विषय आधी सांगितला जातो आणि रंजन नंतर शोधले जाते. भारुडाची रीत याच्या उलट आहे.

मुक्तनाट्याची घडण

तमाशाचा परंपरागत क्रम गण, गौळण, बतावणी आणि वग असा आहे. गणात गणेशाचे स्तवन होते. गौळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि गवळणी यांचे संवाद रंगतात. बतावणीत दोन पात्रे शब्दाला शब्द भिडवून हजरजबाबीपणाची चुणूक दाखवितात. वग म्हणजे प्रत्यक्ष कथानाट्य. या चौकटीचे सामर्थ्य हे की, तीत नेपथ्य लागत नाही. पात्राने एक गिरकी घेतली की दरबाराचे रान होते आणि दुसरी घेतली की रानाचा बाजार होतो. प्रेक्षकाने ते मान्य केलेले असते.

ही चौकट घेऊन साबळे यांनी तीत आपल्या काळातील विषय बसविले. या प्रयोगांना मुक्तनाट्य असे म्हटले जाते. ‘यमराज्यात एक रात्र’, ‘आबुरावाचं लगीन’, ‘बापाचा बाप’, ‘आंधळं दळतंय’ ही त्यांची मुक्तनाट्ये गाजली. राजा, प्रधान, शिपाई, सोंगाड्या या ठरीव पात्रांच्या आडून चालू कारभारावर बोट ठेवण्याची सोय वगात पूर्वापार होतीच. साबळे यांनी ती निर्भयपणे वापरली. ‘आंधळं दळतंय’ हे मुक्तनाट्य १९६०च्या दशकातील. आंधळ्याने दळावे आणि पीठ भलत्यानेच खावे, ही म्हण त्याच्या शीर्षकात आहे. मुंबईत कष्ट करणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला काय येते, हा त्याचा विषय. त्या काळच्या मुंबईत हा विषय किती जिव्हाळ्याचा आणि किती स्फोटक होता, हे त्या दशकाचा इतिहास जाणणाऱ्यास सांगावयास नको. त्या मताशी कोणी सहमत असो वा नसो. ज्या प्रश्नावर लोक घरात कुजबुजत होते, तो प्रश्न गाण्यात घालून सर्वांसमोर मांडण्याचे शाहिराचे कर्तव्य त्यांनी पार पाडले.

या कार्यात त्यांच्या पत्नी भानुमती यांचा वाटा मोठा होता. त्यांनी शाहिरांसाठी गीते लिहिली. शाहिरीच्या इतिहासात गाणाराचे नाव राहते. रचना करणारी, मेळ सांभाळणारी, प्रयोगाच्या मागे उभी असणारी माणसे विस्मृतीत जातात. म्हणून याची स्वतंत्र नोंद केलेली बरी.

‘महाराष्ट्राची लोकधारा’

साबळे यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत मोठे कार्य म्हणजे ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रम. कोळ्यांची गाणी आणि नृत्ये, देवीचा गोंधळ, खंडोबाचे जागरण, वासुदेव, भारूड, लावणी, पोवाडा असे राज्याच्या निरनिराळ्या भागांतील लोकप्रकार एका सूत्रात ओवून ते नाट्यगृहात सादर होत. दूरदर्शननेही ही लोकधारा घरोघरी पोहोचविली. शहरात वाढलेल्या एका संपूर्ण पिढीने वासुदेवाची मोरपिसांची टोपी प्रथम पाहिली ती या कार्यक्रमात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या कार्यक्रमाचा आणखी एक लाभ झाला. तो म्हणजे तरुणांचे प्रशिक्षण. भरत जाधव, अंकुश चौधरी, संतोष पवार, केदार शिंदे अशी पुढे मराठी रंगभूमीवर आणि चित्रपटांत नावारूपास आलेली मंडळी या लोकधारेच्या तालमीत वाढली. लोककलेच्या तालमीत वावरलेल्या नटास तालाचे भान येते, समोरच्या प्रेक्षकाची नाडी कळते आणि ऐन वेळी सुचण्याचा गुण अंगी बाणतो. शाहिरांनी आपली विद्या गाण्याच्या रूपाने ठेवली तशीच ती माणसांच्या रूपानेही ठेवली. संगीत नाटक अकादमीने १९८४ मध्ये आणि भारत सरकारने १९९८ मध्ये पद्मश्री देऊन त्यांचा सन्मान केला. २० मार्च २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मंचावर काय आले, काय राहिले

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परंपरागत गोंधळ हा कार्यक्रम नसून विधी आहे. घरात लग्नकार्य झाले की कुलदेवतेचा गोंधळ घालावयाचा असतो. चौक मांडला जातो, घट बसतो, दिवटी पाजळली जाते. गोंधळी संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने निरनिराळ्या ठिकाणच्या देवतांना गोंधळास येण्याचे आवाहन करतात. मग आख्यान लागते आणि ते रात्रभर चालू शकते. यजमान, त्याचे गोत्र, त्याचे गाव यांचा त्यात उच्चार होतो. नाट्यगृहात हाच गोंधळ दहा मिनिटांत आटोपतो. चौक नसतो, यजमान नसतो, पहाटेची आरती नसते. श्रोता नवस फेडावयास आलेला नसतो. तो तिकीट काढून आलेला असतो.

म्हणून काही अभ्यासक म्हणतात की, मंचावरील लोककला ही लोककलेची प्रतिकृती होय. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ते पूर्ण सत्य नाही. विधीतील लोककलेला जातीची आणि कुळाची कुंपणे होती. विशिष्ट घराण्यानेच गोंधळ घालावा, विशिष्ट घराण्यानेच वासुदेव व्हावे, आणि त्यांनी दारोदार फिरून मिळेल त्यावर निर्वाह करावा, अशी ती व्यवस्था होती. जागरणातील मुरळीची प्रथा तर स्त्रीच्या आयुष्याची किंमत घेणारी होती. मुली देवास वाहण्याच्या प्रथेस मुंबई प्रांतात १९३४ च्या कायद्याने बंदी आली आणि महाराष्ट्राने २००५ मध्ये त्याविषयी अधिक व्यापक अधिनियम केला. जागरणाचे गाणे सुंदर आहे, म्हणून ती प्रथा सुंदर ठरत नाही. मंचाने गाणे प्रथेपासून सोडविले. कोणत्याही जातीच्या मुलाने संबळ शिकावा, कोणत्याही घरच्या मुलीने मानाने खंडोबाचे गाणे म्हणावे, ही वाट लोकधारेसारख्या कार्यक्रमांनी रुंद केली. हा लाभ लहान नव्हे.

जे मंचावर येऊ शकत नाही ते कोणते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. रात्रभराचे आख्यान, त्यातील शेकडो पदे, प्रत्येक भागातील निराळी चाल, वाद्याच्या वादनातील घराणी ही सारी अद्याप गावांतच आहेत आणि बहुतांशी वृद्ध कलावंतांच्या स्मरणात आहेत. साबळे यांनी नदीतून ओंजळ भरून आणली. ओंजळ पाहून नदी आटली तरी चालेल असे कोणी समजू लागले, तर तो त्यांच्या कार्याचा विपर्यास होईल.

गावाने काय करावे

या दृष्टीने शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांना सहज करता येण्याजोगी काही कामे आहेत.

पहिले काम नोंदीचे. आपल्या गावात गोंधळी, वाघ्ये, भारूडकार, शाहीर, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया कोण आहेत, याची यादी शाळेतील विद्यार्थी एका महिन्यात करू शकतात. गीताबरोबर ते म्हणणाऱ्याचे नाव, गाव, प्रसंग आणि साथीचे वाद्य यांची नोंद अवश्य करावी. नुसते शब्द लिहून घेतल्यास चाल हरवते. म्हणून आज खेड्यापाड्यांत हाती आलेल्या मोबाईलवर ते संपूर्ण ध्वनिमुद्रित करावे. मात्र कलावंताची संमती घेतल्याखेरीज ते कोठेही प्रसृत करू नये. गीत त्याच्या कुटुंबाची मिळकत आहे, याचा विसर पडता कामा नये.

दुसरे काम प्रयोगाचे. ध्वनिमुद्रण हे जतनाचे साधन आहे. पण वर पाहिल्याप्रमाणे शाहिराचे गाणे श्रोत्यांशिवाय पुरे होत नाही. गावची जत्रा, राष्ट्रीय सण, महाराष्ट्र दिन, शाळेचे स्नेहसंमेलन या प्रसंगी स्थानिक कलावंतास पूर्ण वेळ द्यावा. भाषणे संपल्यावर उरलेली दहा मिनिटे त्याच्या वाट्यास देणे हा सन्मान नव्हे. त्यास ठरलेली बिदागी वेळेवर द्यावी. कानठळ्या बसविणाऱ्या ध्वनियंत्रणेवर जत्रेत जो खर्च होतो, त्याचा अल्प अंश या कामास पुरेल.

तिसरे काम साहाय्याचे. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना जुनी आहे. आज ती राजर्षी शाहू महाराज यांच्या नावाने ओळखली जाते आणि २०२४ पासून पात्र कलावंतास दरमहा ५,००० रुपये मानधन देण्याचा निर्णय झाला आहे. गावातील कलावंताची अडचण बहुधा कागदपत्रांची असते. ज्याने चाळीस वर्षे देवळापुढे भारूड सांगितले, त्याच्यापाशी कार्यक्रमपत्रिका नसते आणि वृत्तपत्रातील कात्रणही नसते. त्याचा अर्ज लिहून देणे, त्याच्या कलेविषयी गावातील माहितगारांचे म्हणणे नोंदवून देणे, पंचायत समितीच्या कार्यालयात त्याच्यासोबत जाणे, हे काम शिक्षकाने किंवा सदस्याने केले तर एका वृद्धाच्या घरी चूल पेटते आणि गावाचे गाणेही टिकते.

चौथे काम शिकविण्याचे. शाळेत संगीतशिक्षक नसला तरी गावातील ढोलकीवाला असतो. महिन्यातून दोन वेळा त्याला वर्गात बोलवावे. मुलांनी डफ हातात धरावा, झील धरावी. झील धरणे ही समूहात राहून दुसऱ्याचा सूर सांभाळण्याची शिकवण आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ती सांगून समजणार नाही.

राज्यगीताच्या वेळी आपण सावधान उभे राहतो. तो त्या गीताचा मान आहे. परंतु हे गीत ज्या गायनपरंपरेत रुजले आहे, ती परंपरा पसरणीसारख्या हजारो गावांतील पारांवर, ओट्यांवर आणि देवळांपुढे वाढली. त्या पारावर आज संध्याकाळी डफ वाजतो की नाही, यावर पुढचा शाहीर जन्मास येणे अवलंबून आहे.